सोनेरी रिक्षाचा डावा गुडघा

माझ्या मुलाने जेवण सोडलं ते एका खेळण्यापायी, आणि ते खेळणं माझ्याच हातचं. यावर कुणाला हसायचं असेल तर त्याने हसून घ्यावं. मीही त्या आठवड्यात एकदा हसले होते. शेजारीण दार वाजवून 'बरं आहे ना?' विचारायला आली, म्हणजे ते हसणं काही बरं नसावं.

मुलगा म्हणते खरी, पण तो तेहतीस वर्षांचा आहे. डॉक्टर त्याला स्वमग्न म्हणतात. मी म्हणते, त्याची एक पद्धत आहे आणि ती मोडलेली त्याला चालत नाही. बोलणं चार-पाच शब्दांचं. दुपारी एक वाजता तो टेबलाशी बसतो, सोनेरी रिक्षा हातात घेतो आणि सतरा पायऱ्यांत तिचा यंत्रमानव करतो. यंत्रमानव हा पुस्तकी शब्द झाला, आम्ही घरात नुसतं 'माणूस' म्हणतो. माणूस ताटाशेजारी उभा राहिला की हा जेवतो. जेवण झालं की उलट्या सतरा पायऱ्या, पुन्हा रिक्षा. संध्याकाळी परत तेच. सत्तावीस वर्षं हे चाललंय. पाहुणे विचारायचे, अजून खेळतो का हो? मी म्हणायचे, तुम्ही नाही का जेवताना मोबाइल बघत.

मार्चमधला मंगळवार होता. नवव्या पायरीला, डावा गुडघा वळवताना, रिक्षाच्या मांडीचा तुकडा पडला. मोडला म्हणणंही बरोबर नाही. खडीसाखर दाताखाली यावी तसा चुरा झाला. त्याने दोन मोठे तुकडे एकमेकांना लावून पाहिले. परत लावले. मग खाली ठेवले, ताट दोन बोटांनी लांब सारलं आणि हात मांडीवर घेऊन बसून राहिला. आरडाओरडा केला असता तर काय करायचं ते मला माहीत होतं. तो नुसता बसला होता.

नऊ दिवसांनी काय होतं ते आधी सांगते, म्हणजे माझ्या तोंडचं पाणी का पळालं ते कळेल. मांजरी गावाच्या पुढे, ऊस संपून नव्या इमारती सुरू होतात त्या कडेला, अशा मोठ्या मुलांना कायमचं सांभाळणारी एक संस्था आहे. तिथल्या यादीत आमचं नाव सहा वर्षं होतं. अखेर फोन आला: एक जागा रिकामी झालीय, पंधरा दिवस ठेवून पाहू, रमला तर घेऊ. रमला म्हणजे काय, तर झोपला आणि जेवला. जो तिथे जेवत नाही त्याला परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं तरी काय चुकतं? मी सहासष्ट वर्षांची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. माझ्या हृदयात दोन स्टेंट बसलेत. त्याला भावंडं नाहीत. मी गेल्यावर याचं काय, हा प्रश्न मी रोज सकाळी चहाच्या आधणाबरोबर उकळत ठेवते, आणि त्याला उत्तर एकच मिळालेलं होतं, ती मांजरीची जागा.

आता ते खेळणं माझ्या हातचं कसं, तेही सांगायला हवं.

मी येरवड्याची. येरवडा म्हटलं की लोक 'म्हणजे तुरुंगाजवळ का?' असं विचारतात; मी 'हो, बाहेरच्या बाजूला' असं सांगते. वडील फिटर होते. वस्तीत नावं ठेवणारे नावं ठेवत राहिले आणि त्यांनी मला साचे बनवायच्या डिप्लोमाला घातलं. वर्गात मी एकटी मुलगी. पुढे हडपसरला एका खेळण्यांच्या कारखान्यात ड्रॉइंगच्या टेबलाशी बसले, ती कारखान्याला कुलूप लागेपर्यंत. आधी आम्ही खुळखुळे, बादल्या आणि टिकटिकणारे बेडूक करायचो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला मालकांच्या मेव्हण्याने सिंगापूरहून एक खेळण्यातली मोटार आणली. तिचा माणूस होत होता. मालकांनी ती माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाले, "बाई, हे आपल्याकडे होईल का?"

मी ती स्क्रू काढून उघडली आणि दोन दिवस कुणाशी धड बोलले नाही. तोवर मला वाटायचं की आपल्याला साचे येतात.

ही खेळणी मुळात जपानची. तिथल्या कारखान्यांनी आधी मोटारींची, विमानांची, अगदी टेपरेकॉर्डरचीसुद्धा माणसं करून दाखवली. मग अमेरिकेतल्या एका कंपनीने ते साचे उचलले, त्या माणसांत सज्जन आणि दुर्जन असे दोन पक्ष पाडले, प्रत्येकाला नाव दिलं, स्वभाव दिला, टीव्हीवर गोष्ट लावली, आणि देशोदेशीची पोरं वेडी झाली. पण गोष्ट ही नंतरची हो. खरी करामत बिजागरीत आहे. शरीर एकच, रूपं दोन, आणि बदलताना एकही तुकडा पोराच्या हातात उरता कामा नये. गाडीत जे दार होतं त्याला माणसात काहीतरी काम मिळालंच पाहिजे. नुसतं लटकत राहिलं तर ते डिझाइन नाही, तो आळस.

आमच्या खेळण्यांच्या मालिकेत परदेशी गाड्या नकोत, हा हट्ट माझा. पोराने खिडकीतून जे पाहिलं त्याचाच माणूस झाला तर खरी मजा. म्हणून पाण्याचा टँकर, लाल एसटी, रोडरोलर, सहा आसनी टमटम आणि रिक्षा. रिक्षा सगळ्यांत अवघड, कारण चाकं तीन आणि माणसाला पाय दोन. पुढचं चाक मी पाठीवर नेलं. टपाचे दोन भाग करून त्याचे हात केले. मागची सीट दुभंगली की मांड्या आणि पोटऱ्या व्हायच्या. डोकं मात्र मुद्दाम शेवटी ठेवलं. सतराव्या पायरीला ते मीटरच्या जागेतून वर यायचं. पोराने सोळा वेळा खटपट केल्यावर कुणीतरी त्याच्याकडे पाहिलं पाहिजे, असं माझं मत होतं. कारखान्यात सगळे या खेळण्यांना 'बदलू' म्हणायचे. मालकांना तेच नाव खोक्यावर छापायचं होतं. मी म्हटलं, नको, लोकांना आतून आमदार निघेल असं वाटेल.

मालिका चांगली चालली. मग एका दिवाळीला मालकांना सोनेरी रिक्षा हवी झाली. रंग मारलेली नको, खालच्या अंगाचं प्लॅस्टिकच सोनेरी हवं; टप आणि डोकं नेहमीचंच काळं-पिवळं. त्यासाठी कच्च्या दाण्यांत चमकीचा चुरा मिसळतात. पहिला नमुना हातात आला तेव्हा मांडीवर मला केसाएवढी रेघ दिसली. चमकी जिथे साठते तिथे प्लॅस्टिक एकमेकांना नीट धरत नाही. मला ते कळलं होतं, न कळल्याचं सोंग मी आज आणणार नाही. शिवाय डावी मांडी साच्याच्या तोंडापासून सगळ्यांत लांब. तिथवर माल पोचेपर्यंत निवायचा आणि जास्त आकसायचा, म्हणून तिच्यावरची गुडघ्याची खुंटी बारीक निघायची आणि गुडघा ढिला पडायचा. साचा दुरुस्त करायला महिना हवा होता आणि दिवाळी तोंडावर आलेली. मी सही केली. "खेळणंच आहे, दोन वर्षं टिकलं तरी खूप झालं," हे मालक म्हणाले नाहीत. मी म्हणाले.

ढिल्या गुडघ्याबद्दल एकच तक्रार लेखी आली, अर्थात सदाशिव पेठेतून. पोस्टकार्डावर लिहिलं होतं, "आपल्या रिक्षास डावा गुडघा नाही. आपणांस असल्यास समक्ष येऊन दाखवावा." मालकांनी ते कार्ड फळ्यावर लावलं. सगळे हसले. मला इतकी लाज वाटली की आठवडाभर मी त्या भिंतीच्या बाजूने गेले नाही.

मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता आणि जेवण म्हणजे आमच्या घरात रोजची लढाई होती. मी एक सोनेरी रिक्षा घरी आणली, काही आशा नव्हती, सहज आणली. आठ दिवस तो तिला घेऊन खिडकीत बसला. नवव्या दिवशी सतरा पायऱ्या कुणी न शिकवता पुऱ्या झाल्या, डोकं वर आलं, त्याने माणूस ताटाशेजारी उभा केला आणि सगळं ताट संपवलं. नवरा आणि मी एकमेकांकडे बघत राहिलो, बोलायची भीती वाटत होती. देव पावला, असं मी तेव्हा म्हटलं होतं. देवाने सोनेरी प्लॅस्टिकमध्येच पावायचं ठरवलं होतं, त्याला मी काय करणार.

तर तो मंगळवार. बुधवारी त्याने अर्धा पेला दूध घेतलं. गुरुवारी तेही सांडलं. मी झटपट चिकटणाऱ्या गोंदाने मांडी जोडली, तर वळवताना शेजारचा भाग निखळला. पायांचंच सगळं सोनेरी प्लॅस्टिक गेलं होतं. बाकीचं अंग, म्हणजे टप, हात आणि डोकं, साध्या काळ्या-पिवळ्या मालाचं, त्याला काही झालेलं नव्हतं.

जुन्या सहकाऱ्यांना फोन केले. साचे भंगारात जाऊन वीस वर्षं झाली होती. एक जण म्हणाला, कोथरूडला एक संगणकवाला आहे, जुनी खेळणी जमवतो, त्याच्याकडे आपली सगळी मालिका आहे. मुलाला शेजारणीच्या हवाली केलं आणि कोथरूड गाठलं. चाळिशीचा माणूस, घरभर काचेची कपाटं. सोनेरी रिक्षा होती, खोकंसुद्धा न उघडलेली. मी म्हटलं, मला ही द्या. तो म्हणाला, "मॅडम, हे सीलबंद आहे. असं दुसरं मी तरी पाहिलेलं नाही." मग मी त्याला सगळं सांगितलं. कुणापुढे हात पसरणारी मी बाई नाही, पण त्या दिवशी पसरले. तो स्वतःच उठला आणि कात्री घेऊन आला. भला माणूस.

त्याने पट्टी कापली आणि आतला ट्रे ओढला. डावी मांडी खोक्यातल्या खोक्यात तुटून पडली होती. कुणी हात लावलेला नव्हता. नुसत्या स्क्रूच्या ताणाने गेली.

"परदेशातली जुनी सोनेरी खेळणीही अशीच जातात," तो हळूच म्हणाला. "पण असं का होत असेल हो?"

"मी सही केली म्हणून," मी म्हटलं.

त्याला आधी उमगलं नाही. उमगल्यावर त्याने खोकं माझ्यापुढे धरलं आणि त्यावर सही मागितली. मी केली. नाही म्हणायलासुद्धा अंगात जोर लागतो.

सदाशिव पेठेत एका क्लासच्या वरच्या मजल्यावर एक मुलगी थ्रीडी प्रिंटर चालवते, वास्तुकला शिकणाऱ्या पोरांना इमारतींची मॉडेलं काढून देते. शुक्रवारी मी तिच्यापुढे जाऊन उभी राहिले.

"काकू, फाइल आणलीय का?"

"फाइल नाही, चुरा आणलाय," मी म्हटलं आणि डबा उघडला.

तिने डब्यात पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि खुर्ची पुढे सरकवली. मी पर्समधून माझा मापं घ्यायचा व्हर्नियर काढला. मापं मी सांगत गेले, ती संगणकावर काढत गेली. जिथे तुकडा नव्हता तिथे मी आठवणीने सांगितलं. स्वतः काढलेल्या रेषा माणूस विसरत नाही. मध्येच ती म्हणाली, "काकू, हे फोल्डिंग किती क्लेव्हर आहे. कोणी डिझाइन केलंय?"

"एका गाढवाने," मी म्हटलं.

या वेळी मी काहीही चुकू देणार नव्हते. दोन्ही पाय नायलॉनचे केले. मांडी आतून जाड केली. गुडघ्याची खुंटी, जी तेव्हा बारीक निघाली होती, ती अगदी मापात घेतली. शनिवारी दुपारी पाय जोडून रिक्षा त्याच्यापुढे ठेवली. त्याने हातात घेतली. एक, दोन, तीन, मी त्याच्याबरोबर मनात मोजत होते. नवव्या पायरीला त्याचा अंगठा गुडघ्यावर आला आणि तो थांबला. मागे आठवीवर गेला. पुन्हा नववी. तीनदा असं झालं. मग रिक्षा खाली ठेवली आणि ताट सारलं.

मला वाटलं रंग. रविवारी सोनेरी फवारा मारून आणला. मला वाटलं वजन. सोमवारी मांड्यांच्या पोकळीत लोखंडी चकत्या बसवल्या, जुन्या पायांच्या वजनाला आणल्या. मला वाटलं वास. नवे पाय त्याच्या उशीच्या अभ्र्यात घालून ठेवले. लोक नवस बोलतात, मी चकत्या बसवत होते, फरक काही नव्हता. त्याच्या पट्ट्याला मी सुईने नवं भोक पाडलं, कारण विजार राहत नव्हती. डॉक्टर म्हणाले, अजून दोन दिवस पाहू, मग सलाईन. मांजरीला कळवायचं का, असं ते विचारत होते. मी म्हटलं, नाही.

सोमवारी दुपारी मी त्याच्यावर ओरडले. "जेव रे, जेव की एकदाचा," असं म्हणत मी त्याचा जबडा धरला आणि घास आत कोंबला. लिहायला नको वाटतं, पण केलं म्हणून लिहिते. त्याने मला ढकललं नाही. तोंड भिंतीकडे फिरवलं आणि भात ओठांतून हळूहळू खाली पडत राहिला. सत्तावीस वर्षांत मी त्याच्यावर हात उगारला नव्हता. मी तिथेच खाली बसले. सांगते ना, मला त्या क्षणी असं वाटलं की आम्ही दोघं एकदमच संपलो तर किती सोपं होईल. असं वाटणाऱ्या आया असतात. त्यांतली मी एक.

मंगळवारी सकाळी तो खिडकीत बसला होता. हात रिकामे होते, पण बोटं चालू होती. रिक्षा नसताना तो सतरा पायऱ्या करत होता. मी दारात उभी राहून पाहू लागले, आणि पहिल्यांदाच आई म्हणून नाही, तर ड्रॉइंगच्या टेबलावरून पाहावं तसं पाहिलं. नवव्या पायरीला अंगठा बाहेरून आत दाबला गेला, किंचित वर गेला आणि मग मनगट वळलं.

माझ्या ड्रॉइंगमध्ये नवव्या पायरीला अंगठा नाही.

गुडघा नुसता वळवायचा, एवढंच मी काढलं होतं. पण खुंटी बारीक निघाली, गुडघा ढिला पडला, म्हणून या सहा वर्षांच्या पोराने तो अंगठ्याने दाबून जागेवर बसवायला स्वतःच शोधून काढलं. दाबलं की आत 'टुक' असं व्हायचं. सत्तावीस वर्षं, दिवसातून दोनदा, तो माझी चूक अंगठ्याने दुरुस्त करत होता आणि मग जेवत होता. आणि मी शहाणीने खुंटी मापात घेतली. त्याच्या अंगठ्याला कामच ठेवलं नाही. काखेत कळसा आणि गावाला वळसा. तीन दिवस मी रंग आणि वास शोधत हिंडले.

तशीच पेठेत त्या प्रिंटरवाल्या मुलीकडे गेले. म्हटलं, याच मांड्या आणखी दहा काढ. ती म्हणाली, "काकू, पण फिट तर परफेक्ट आहे." मी म्हटलं, तेच चुकलंय. तिच्याच टेबलावर बसून कानस हातात घेतली. दोन केसांएवढं घासायचं होतं, त्याहून जास्त नाही. पहिली खुंटी जास्त घासली गेली, पाय लोंबायला लागला. दुसरी एका बाजूने चपटी झाली. आयुष्यभर मी सांध्यात ढिलेपणा राहू नये म्हणून भांडले, माणसांचे पगार कापायला लावले, आणि आता डोळ्यांत तेल घालून तोच ढिलेपणा परत आणत होते. तिसरी जमली. अंगठ्याने दाबलं आणि 'टुक' झालं.

बुधवारी दुपारी एक वाजता त्याने रिक्षा उचलली. नववी पायरी. अंगठा, टुक, मनगट. थांबला नाही. दहा, अकरा, बारा. सतराव्याला डोकं वर आलं. त्याने माणूस ताटाशेजारी ठेवला आणि वरणभाताचा पहिला घास घेतला. मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला धरून उभी राहिले.

गुरुवारी आम्ही मांजरीला. तिथल्या प्रमुख बाईंना सगळे ताई म्हणतात. माझ्याहून वीस वर्षांनी लहान, बोलणं मोजकं. मी त्यांना घासून तयार केलेल्या सहा मांड्या दिल्या, स्क्रूड्रायव्हर दिला आणि मोडली तर कशी बदलायची ते दाखवलं. त्यांनी एक मांडी स्वतः बदलून पाहिली, मग म्हणाल्या, "काकू, आता तुम्ही निघा. पंधरा दिवस शक्यतो येऊ नका." मुलगा नव्या पलंगावर बसून खिडकीचे गज मोजत होता. मी निघाले.

पहिल्या दुपारी फोन आला, जेवला. संध्याकाळी जेवला. दुसऱ्या दिवशी जेवला. मी येरवड्याच्या घरात एकटी, आणि गंमत म्हणजे मला झोप लागायला लागली. सातव्या दिवसापर्यंत एकही जेवण चुकलं नाही. तिथे मी थांबायला हवं होतं. पण शक्यतो म्हणजे अगदीच नाही असं थोडंच, अशी मी मनाची समजूत घातली, शेवयांची खीर केली आणि आठव्या दिवशी बरोबर एक वाजता जेवणघराच्या दारात जाऊन उभी राहिले.

तो पाचव्या पायरीला होता. मला पाहिलं. उठला, अर्धी रिक्षा अर्धा माणूस असं ते खेळणं माझ्या हातात आणून दिलं, आत जाऊन स्वतःच्या चपला घेऊन आला आणि दाराशी त्या पायात घालून बसला. घरी चल म्हणायला त्याला शब्द लागत नाहीत.

तो त्या दुपारी जेवला नाही. मला तिथून हलवायला ताईंना अर्धा तास लागला. फाटकापर्यंत त्या सोडायला आल्या. म्हणाल्या, "आम्ही त्याला तुमच्याशिवाय जेवायला शिकवतोय, काकू. तुम्ही दिसलात की त्याला वाटतं, हे सगळं तात्पुरतं होतं." त्यांचं म्हणणं खरं होतं, आणि खीर अजून माझ्या हातात होती.

नववा दिवस, नाही जेवला. दहावा, नाही. चपला पायातून काढायला देत नव्हता, पलंगावरही त्या घालूनच निजायचा. मी फोन करत होते, ताई शांतपणे सांगत होत्या. तो गुडघा मी दोन केसांएवढा बरोबर आणला होता, आणि मग स्वतःच दारात जाऊन उभी राहिले. प्लॅस्टिकला तरी मी सबब सांगू शकत होते. या वेळी मालक नव्हते आणि दिवाळीही नव्हती. अकराव्या दिवशी थोडं दूध. बाराव्या दिवशी त्याने चपला काढल्या. तेराव्या दिवशी ताई म्हणाल्या, अर्धी पोळी, चौदाव्या दिवशी पूर्ण ताट.

पंधराव्या दिवशी त्यांनी मला बोलावलं, पण एकच्या आधी आणि मागच्या फाटकाने. आम्ही स्वयंपाकघरातून आत गेलो. स्वयंपाकघर आणि जेवणघर यांच्यामध्ये एक जाळीची खिडकी आहे, तिच्याखालच्या फटीतून ताटं पुढे सरकवतात. "इथून बघा," त्या म्हणाल्या. "जागा तुमची झाली. पण पहिले सहा महिने त्याच्यासमोर येऊ नका. बघायचं असेल तेव्हा असंच इथून बघत जा." मी मान हलवली. सहा वर्षं जे मागत होते ते मिळालं होतं.

तो टेबलाशी बसलेला होता, पाठमोरा नाही, तोंड माझ्याच बाजूला. वाळला होता. सतरा पायऱ्या झाल्या. मग जेवायला लागला, हळूहळू, नेहमीसारखा आधी भात. वाढणारी बाई पुढे निघून गेली होती. त्याने वाटी उचलून तिच्या दिशेने धरली आणि म्हणाला, "अजून."

तो शब्द मी त्याच्या तोंडून कधी ऐकला नव्हता. घरी लागलाच नसेल. वाटी रिकामी व्हायच्या आतच मी वाढायचे.

वाढणारी बाई आमटी आणायला खिडकीकडे वळली आणि तिच्यामागे त्याची नजर येऊ लागली. मी खाली बसले. सहासष्ट वर्षांची बाई, त्या ओट्याखाली कांद्याच्या पोत्याला टेकून गुडघे पोटाशी घेऊन बसले, आणि त्याने मला पाहू नये एवढंच मनात म्हणत राहिले. पोटच्या पोरासाठी असं कुणी म्हणू नये. वर वाटी भरल्याचा आवाज आला, मग चमच्याचा. त्याने मला पाहिलं नव्हतं.